म्हणतात, बोलत नाहीत

९ जानेवारी

ताई,

तुमचे फोन येऊन गेले, ते मला माहीत आहे. मी घरातच होते. वाजून वाजून बंद होईपर्यंत फोनकडे बघत शिवणयंत्रासमोर बसले होते. राग धरू नका.

झालंय असं, की गेले दोन महिने जो कुणी भेटतो त्याला मी तीच हकीकत सांगते आहे. तुमचे भाऊ सकाळी दाढी करत होते, हातातून वस्तरा पडला, मला वाटलं हाताला साबण असेल, मग आरशात माझ्याकडे बघून हसायला गेले ते अर्ध्याच तोंडानं हसले, मग रुग्णवाहिका, मग दवाखाना. इतक्यांदा सांगून ते आता पाठच झालंय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठल्या वाक्याला समोरची बाई तोंडावर हात ठेवणार, सगळं आधीच कळतं. परवा बेकरीवाल्याला सांगता सांगता मनात आलं, आपण नवऱ्याचं दुखणं सांगतोय की शाळेत धडा म्हणून दाखवतोय? त्या दिवसापासून फोन घेणं सोडलं. तुम्हाला तरी पाठ केलेलं ऐकवायचं नव्हतं. लिहिताना निदान शब्द शोधावे लागतात.

तर खरं काय ते सांगते. उजवा पाय बरा आहे, काठी धरून अंगणापर्यंत जातात. उजवा हात नुसता बरोबर असतो, कामाचा नाही. वाचा गेली आहे. लिहिणंही गेलं. ज्या माणसाच्या अक्षरासाठी लोक दुसऱ्या गावाहून दस्त लिहून घ्यायला येत, त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिली तर रेघ ओढतात आणि थांबतात.

वाचा गेली असं म्हटलं खरं, पण अगदी तसंही नाही. गेल्या आठवड्यात तपासायला नवे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "कुठं दुखतंय?" हे ताठ बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याची भिंत, उत्तरेस विहीर." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दस्तलेखक होते हो. जन्मभर लोकांची खरेदीखतं लिहिली आणि सहीच्या आधी वाचून दाखवली. जमिनीच्या चतुःसीमा आहेत त्या." डॉक्टर हसले. मीही हसले. मग बाहेर येऊन बाकावर बसले, ते पुढचं नाव पुकारेपर्यंत उठताच येईना.

दस्तात आधी सगळी हकीकत सांगायची असते, म्हणजे मिळकत कुणाची, कुणाकडून आली, आज विकायची वेळ का आली, असं. हे मला सांगायचे, "हकीकत म्हणजे नुसता उंबरठा. खरा करार पुढं." आता दिवसातून कितीदा तरी "हकीकत अशी की" म्हणतात आणि थांबतात. मी हातातलं काम टाकून पुढचं ऐकायला उभी राहते. पुढं काहीच येत नाही.

तुम्ही कधी येता?

तुमची भावजय


१७ जानेवारी

शिंपीणबाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. फोन घेऊ नकोस, हेच बरं आहे. मी फोनवर नुसती ओरडते आणि तू नुसती हो हो करतेस, त्यात काय बोलणं व्हायचं?

येणार तर आहेच. पण इथला नळ गळतोय, नळवाला आज येतो उद्या येतो करतोय, आणि शिकवणीच्या दोन मुलींची परीक्षा तोंडावर आली आहे. म्हातारीला इतकी कामं कुठून लागतात म्हणशील, पण लागतात बाई. जरा उरकलं की निघतेच.

तोवर मी सांगते ते कर. त्याच्यासमोर बस आणि म्हण, "डोंगरमाथी एक झाड ते". पुढचं म्हणू नकोस, एवढंच म्हणून गप्प बस.

तुला त्यानं हे कधी सांगितलं नसणार. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता, मी पंधरा वर्षांची. शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. घरात पुस्तक नव्हतं, म्हणून मीच एक कविता जुळवली, ओबडधोबड, जमली तशी. चार कडवी. त्याला स्टुलावर उभं करायची आणि रोज घोटून घ्यायची. "शेजारी" म्हणताना हनुवटी वर, "पाने" म्हणताना हात. पहिला आला पठ्ठ्या! तेव्हापासून घरात त्याला राघू म्हणायला लागलो. पुढं मी शाळेत शिकवायला लागले आणि पस्तीस वर्षं मुलांकडून कविता म्हणून घेतल्या, पण राघूसारखं म्हणणारं पोर पुन्हा मिळालं नाही.

म्हणून बघ. आणि काय झालं ते लगेच कळव.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

म्हटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर ते खिडकीपाशी बसले होते. मी कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्यांना अस्तर लावत होते. सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "डोंगरमाथी एक झाड ते". त्यांनी मान वळवली आणि सुरू झाले,

"नाही कुणि शेजारी,
वारा येतो, पुसून जातो,
पाने डुलती सारी."

चारही कडवी, न अडखळता. हनुवटी वर गेली. डावा हात डुलला. उजवा मांडीवरच होता, पण बोटं हलल्यासारखी वाटली. मी यंत्रावर डोकं टेकून रडले. पडद्याला डाग पडला, तो धुऊन काढला.

मग डोळे पुसले आणि त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "पाणी हवंय का?" बघत राहिले. "पा" म्हणायला ओठ मिटले, कपाळाला आठ्या पडल्या, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मग आलं ते "पूर्वेस". त्यांनाही कळलं, की हे नव्हे. डाव्या हाताची मूठ गुडघ्यावर आपटली. मी पेला भरून आणला, तर हातानं बाजूला सारला. पाणी नको होतं. काय हवं होतं ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही, आणि संध्याकाळी त्यांनीच नाद सोडला.

रोज म्हणतात आता. मी पहिली ओळ दिली की म्हणतात. घरात आवाज असतो, तेवढं बरं वाटतं.

तुमचा नळ झाला का दुरुस्त?

तुमची भावजय


९ फेब्रुवारी

शिंपीणबाई,

अगं, ही केवढी बातमी, आणि तू ती तोंड पाडून काय सांगतेस! चार कडवी! धडधाकट माणसाला परवाचं आठवत नाही. मी तुझं पत्र हातात घेऊन खाली गेले आणि सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. माझा भाऊ बोलायला लागला म्हणून सांगितलं.

आता सोडू नकोस. पाढे म्हणून घे, वार, महिने सगळं म्हणून घे. मी वर्गात मुलांना सांगायची, की वाचन डोळ्यांनी होतं, पठण जिभेनं होतं, पण नुसती पोपटपंची करू नका, कविता म्हणायची ती मनापासून म्हणा. त्याचं मन जागं असल्याशिवाय हनुवटी वर गेली का? जिभेला वळण लागू दे. एकदा गाडी सुरू झाली की पाणी हवं, चहा हवा, सगळं आपोआप येईल बघ.

लिहायला खूप आहे, पण मुली आल्यात शिकवणीला.

ताई

ता. क. नळवाला आलाच नाही. मेला फोन उचलत नाही, तुझ्यासारखाच.


१ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आता आठवड्यातून दोनदा येतात. मोठ्या शांत आहेत. त्यांना कविता ऐकवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "ऐकायला फार गोड आहे. पण हे बोलणं समजू नका. पाठ केलेलं डोक्यात एका घरात असतं, आणि त्या त्या वेळी सुचून बोललेलं दुसऱ्या घरात. यांचं हे दुसरं घर पडलंय."

मी विचारलं, "मग कविता म्हणून काहीच उपयोग नाही?"

"उपयोग आहे. जीभ हलती राहते, उमेद राहते. पण कविता कितीही म्हटली तरी तिच्यातून पाणी मागता येत नाही."

ताई, आपल्याकडे कविता म्हणतात, पाढे म्हणतात, गाणंही म्हणतात. आणि "तुमचं म्हणणं काय आहे?" असंही विचारतात. शब्द एकच. इतकी वर्षं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आता घरात दिवसभर म्हणणं चालू असतं आणि त्यांचं म्हणणं काय आहे ते मला कळत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाढे घेतले. येतात. वार येतात. सोमवार म्हटलं की रविवारपर्यंत जातात, पण आज कुठला वार असं विचारलं तर नाही. मग माझ्या मनात एक आलं. हसू नका. मला वाटलं, आमच्या दोघांतलं काहीतरी सुरू करून बघावं, पहिले शब्द मी द्यायचे आणि पुढचे ते म्हणतील. बसले आठवत. बत्तीस वर्षांचा संसार. काय देऊ? "किल्ल्या कुठं ठेवल्यास?" "दूध उतू जातंय." "आज मला उशीर होईल." "अगं, तो निळा पडदा फार छान झालाय, देऊच नकोस त्यांना." बडबड होती नुसती. दोघंच आम्ही, अखंड बोलायचो. पण त्यातलं एक वाक्य कधी दुसऱ्यांदा तसंच म्हटलं नाही, की घोकलं नाही. पाठ करावं असं काही त्यात होतंच कुठं?

म्हणजे जे घर पडलं, ताई, त्याच घरात मी होते.

तुम्ही आहात. तुमची कविता, तुमची हनुवटी, तुमचा हात. ते म्हणायला लागले की तुमचाच आवाज येतो. हे मी दोनदा लिहून फाडलं होतं. तिसऱ्यांदा तसंच पाठवते आहे.

आणखी एक. ग्रंथालयात दरवर्षी मार्चमध्ये सभासदांचा तोंडपाठ म्हणायचा कार्यक्रम असतो. काही जण कविता म्हणतात, काही नाटकातले उतारे म्हणतात. हे दरवर्षी भाग घ्यायचे. ग्रंथपाल बघायला आले होते, त्यांनी कविता ऐकली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "यंदा यांनाच शेवटी ठेवतो." मला धीर होत नाही. तुमचं काय म्हणणं?

तुमची भावजय


६ मार्च

शिंपीणबाई,

हेवा वाटतो का गं तुला? सरळ विचारते. सात वर्षांच्या पोराला आईविना वाढवलं, तेव्हा हातात कवितेशिवाय काही नव्हतं माझ्या. तेवढं त्याच्यापाशी उरलं, तर त्यात माझा काय गुन्हा?

त्या बाई शिकलेल्या असतील. मीही पस्तीस वर्षं खडू खाल्लाय. मुलं आधी म्हणतात, मागाहून समजतात. त्याला म्हणू दे. चारचौघांत उभा राहिला, टाळ्या ऐकल्या, की कुठलं घर पडलं न् कुठलं उभं राहिलं, तेव्हाच कळेल. दारंखिडक्या लावून घरात कोंडून ठेवलास तर आहे तेही जाईल.

माझं म्हणणं विचारलंस ना? मग ऐक. जा.

ताई


२३ मार्च

ताई,

कार्यक्रम झाला. छान झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालांनी फुलं दिली. घरी आल्यावर दमून झोपले.

पडद्यांचं काम खूप आलं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची भावजय


२ एप्रिल

अगं,

छान झाला नाही. मी होते तिथे.

आता हे वाचून पत्र खाली ठेवू नकोस, पूर्ण वाच.

सकाळच्या गाडीनं आले. तुला कळवलं नाही, तुम्हा दोघांना चकित करायचं होतं. आठ तास खिडकीशी बसून सगळं मनात रचत होते. राघू शेवटच्या कडव्यावर येईल, मी मागून उठून उभी राहीन, तो मला बघेल, कविता तिथंच थांबेल आणि तो "ताई" म्हणेल. तू रडशील. त्या उपचारवाल्या बाई तोंडात बोट घालतील. एवढं सगळं ठरवून आले होते.

यायला उशीर झाला, म्हणून अगदी मागं, छत्र्या ठेवतात त्या पिंपाशेजारी खुर्ची मिळाली. तू पहिल्या रांगेत होतीस, मला तुझी नुसती पाठ दिसत होती. तो उभा राहिला. केवढा वाळलाय गं! काठीवर भार देऊन उभा राहिला, तू खालून पहिली ओळ दिलीस आणि त्यानं कविता म्हटली. खोटं नाही सांगत, माझ्या उभ्या जन्मात मी ती कुणाकडून अशी ऐकली नव्हती. मीसुद्धा अशी म्हटली नसती.

टाळ्या झाल्या. ते ग्रंथपाल भला माणूस, भारावून म्हणाले, "वा, पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतं!" लोक म्हणतात तसं म्हणाले. आणि राघूनं पुन्हा सुरुवात केली. लोकांनी ऐकलं, टाळ्या कमी पडल्या. मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा. ग्रंथपाल मध्येच "धन्यवाद, धन्यवाद" म्हणत राहिले, हा आपला म्हणतोच आहे. माझ्या पुढच्या रांगेत दोन बाप्ये होते, एक दुसऱ्याला म्हणाला, "टेप अडकली." दोघं खांदे हलवत हसले. मी त्यांच्या मागं बसले होते. शाळेत असते तर दोघांना कान धरून बाहेर काढलं असतं. मी काही केलं नाही.

मग तू वर गेलीस. त्याची बाही धरलीस. तो म्हणतच पायऱ्या उतरला. मधल्या वाटेनं तुम्ही दोघं आलात, लोक पाय आवरून घेत होते. तुझं तोंड बघितलं मी. दारातून जाताना माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलात. तू खाली बघत होतीस. त्यानं माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ, डोळ्यांत. तेव्हा "शेजारी" म्हणत होता. हनुवटी वर होती.

मी हाक मारली नाही. तुम्ही बाहेर पडलात आणि मी खुर्चीवर बसून राहिले. नंतर स्टेशनवर जाऊन बसले आणि मिळाली त्या गाडीनं परत आले.

नळ कधीच गळत नव्हता. शिकवणीच्या मुली दोन वर्षांपूर्वीच बंद झाल्या. सगळ्या गल्लीला सांगितलं म्हणून लिहिलं होतं ना, ती गल्ली म्हणजे खालचा चष्मेवाला. दुसरं कुणी मला ओळखत नाही इथं. तुझं पत्र आलं की मी त्याला वाचून दाखवते, तो काच पुसत पुसत "हं" म्हणतो. एरवी माझ्या तोंडातून शब्द निघाला की नाही हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

भीती वाटत होती. तो मला ओळखेल आणि हाक मारू शकणार नाही, ही भीती. म्हणून आले नाही. "जा" म्हणून तुला मात्र ठसक्यात लिहिलं.

हेव्याबद्दल विचारलं ते माझं चुकलं. हेवा मलाच वाटत होता, त्या बत्तीस वर्षांच्या बडबडीचा. माझ्याशी तो मोठेपणी कधी बडबडला नाही. पत्रं लिहायचा ती दस्तासारखी. "सर्व क्षेम. पावसाने भिंत ओली." तुझ्याशी तो इतकं बोलायचा, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

ताई


१८ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र वाचून इतका संताप आला, की कात्री हातात होती ती ठेवून द्यावी लागली. हातभर अंतरावर होतात! एका बाजूनं मी धरलं होतं, त्यांची दुसरी बाजू लटकत होती. त्या वाटेवर मला वाटत होतं, जगात मला आता ओळखणारं कुणी नाही, आणि तुम्ही छत्र्यांशेजारी बसला होतात. बाहेर आल्यावर पायरीवर त्यांचा तोल गेला. एका अनोळखी माणसानं सावरलं, आणि त्या माणसाला हे म्हणाले, "वारा येतो, पुसून जातो." तो बिचारा "हो काका, हो" म्हणाला.

हे मी दहा दिवसांपूर्वी लिहिलं असतं तर पत्र इथंच संपवलं असतं. पण मध्ये एक झालं.

कार्यक्रमानंतर कविता थांबेना. मी पहिली ओळ द्यायची गरजच उरली नव्हती. उठले की सुरू, जेवता जेवता सुरू. घास तोंडात असताना म्हणायचे आणि ठसका लागायचा. बाई म्हणाल्या, "तुम्ही मधूनमधून मुद्दाम अडवा, थांबवा." मी अडवायची नाही. खरं सांगू? मला त्या आवाजाची सवय झाली होती. माझ्याशी नसेना का, आवाज त्यांचा होता.

गेल्या रविवारी सकाळी सूप भरवत होते. त्या दिवशी ते गप्प होते, खिडकीबाहेर बघत होते. ती शांतता मला सहन झाली नाही. चमचा पुढं केला आणि सवयीनं मीच सुरू केलं, "डोंगरमाथी एक झाड ते". ते काही बोलले नाहीत. मी पुढची ओळ म्हटली. तिच्या पुढचीही म्हटली. माझी मीच म्हणत सुटले, ताई, तुमच्याच चालीवर. चमचा हवेत तसाच. आणि त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"पुरे."

मला आधी कळलंच नाही कुणी म्हटलं ते. मी विचारलं, "काय?"

ओठ हलले, पण पुन्हा आलं नाही. डावा हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला, चमच्यासकट खाली आणला.

सूप पुरे की कविता पुरे, मला माहीत नाही. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काय वाट्टेल ते असो. हे पाठ केलेलं नव्हतं." कुठल्या कवितेत नाही हो "पुरे", दस्तात नाही, पाढ्यात नाही. तेवढ्यापुरतं सुचलं आणि मला म्हटलं. थोडं वैतागूनच म्हटलं. लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या बायकोला जसं म्हणतात, तसं.

आता वाईट बातमी. त्या दिवसापासून त्यांनी कविता म्हटलेली नाही. मी ओळ दिली तर तोंड फिरवतात. चतुःसीमाही नाहीत. "पुरे"सुद्धा पुन्हा आलेलं नाही. बाई म्हणतात, येईल, नाहीही येणार. घर इतकं गप्प झालंय, की मी यंत्र थांबवलं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो. मला आवाजाची फार आठवण येते. संध्याकाळी आम्ही दोघं खिडकीत बसतो, समोरच्या रस्त्यावर माणसं जातात येतात. ते बघतात, मी बघते. कुणी काही म्हणत नाही. पूर्वी त्यांच्या कवितेत मी घरात एकटी असायची. आता दोघं गप्प असतो. त्यात काही फरक आहे की नाही, हे मला नीट सांगता येत नाही. आहे, असं वाटतं.

तुमची कविता गेली, ताई. तुमच्यासाठी वाईट वाटतं. पण ती परत यावी म्हणून मी प्रयत्न करणार नाही, हे तुम्हाला सांगायला हवं.

तुमची भावजय


२३ एप्रिल

अगं,

गेली तर गेली. सात वर्षांच्या पोरासाठी केली होती, त्याच्या आजोबाच्या वयाच्या माणसानं किती दिवस म्हणायची?

मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं येते. या वेळी कळवून येते आहे. स्टेशनवर येऊ नकोस, त्याला एकटं टाकू नकोस. तुझं घर मी शोधीन. चष्मेवाल्याला सांगितलं, तर पहिल्यांदाच "हं" सोडून काही म्हणाला. म्हणाला, "परत कधी?" मी म्हटलं, ठरलं नाही.

तू पडदे शिव. मी त्याच्यासमोर बसेन, खिडकीत तिसरी खुर्ची मावत असेल तर. ओळखेल, नाही ओळखणार. हाक मारता आली नाही म्हणून मूठ आपटेल, तर आपटू दे. मी उठून जाणार नाही. आणि माझ्या बडबडीला वैतागून मलाही एकदा "पुरे" म्हणाला, तर दोन्ही वेळचं गाडीभाडं वसूल.

त्याला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, अजून काही सुचलेलं नाही. गाडीत आठ तास आहेत, पण या वेळी पाठ करून येणार नाही.

ताई